पाचवी बाटली

सकाळी ओट्यावर पाण्याच्या चार बाटल्या भरून ठेवलेल्या दिसल्या. सगळ्यांनी गडावर जायचं ठरलं होतं आणि घरात माणसं पाच. मला कुणी ‘येऊ नको’ म्हटलं नव्हतं. माणसाला वगळायला तोंडाने सांगावं लागत नाही. त्याचं पाणी भरायचं नाही, झालं.

दशम्या मात्र माझ्याच हातच्या होत्या. दुधात पीठ मळलं की त्या दिवसभर मऊ राहतात, आणि ते घरात मलाच जमतं. जन्मभर हेच केलं. शेतावर निघालेल्याला बांधून दिलं, सहलीला निघालेल्याला बांधून दिलं, आणि मी दारात उभी राहिले. माझ्या दशम्या जिथे जिथे खाल्ल्या गेल्या, त्यातल्या निम्म्या जागा मी पाहिलेल्याही नाहीत. याला लोक माया म्हणतात. म्हणू देत. मला ती सोय वाटते, दुसऱ्यांची.

मी फडताळातून एक बाटली काढली, विसळली, कोकमाचं सरबत भरलं आणि त्या चारांच्या शेजारी ठेवली.

“ही कुणाला, आई?” सुनेने विचारलं.

“मला.”

मुलगा बूट घालता घालता थांबला. “अगं, खडा चढ आहे. तुझ्या गुडघ्यांचं काय?”

“तेही येणार. त्यांना घरी ठेवून मी कशी येऊ?”

सून हसली. तो हसला नाही. “आणि अर्ध्यात दमलीस तर?”

“तर अर्ध्यात बसेन. पण कुठे बसायचं ते मी ठरवीन, तुम्ही नाही.”