ती पुस्तके मी वाचवली नाहीत

आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत माझ्यावर अर्धे पान आले आहे. तिसाच्या दशकात एका वादग्रस्त कादंबरीकाराची पुस्तके कपाटातून काढून टाकण्याचा घाट काही सभासदांनी घातला होता, तेव्हा तरुण ग्रंथपालाने निर्भयपणे उभे राहून ती वाचवली, असे त्यात म्हटले आहे. मजकूर लिहिणारी मुले चांगली आहेत. त्यांना ही हकिगत मीच सांगितली होती, आणि ती सांगताना अर्धी गाळली होती. उरलेली अर्धी आता लिहितो.

पंचवटीत एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमचे वाचनालय होते. वर्गणीदार दीडशेच्या आसपास. समासात शेरे मारायची लोकांना वाईट खोड होती. तिला आळा बसावा म्हणून मी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवत असे. ज्याला जे लिहायचे ते त्याने तिथे लिहावे, आणि खाली नाव न घालता फक्त आपला वर्गणीदार क्रमांक घालावा. क्रमांक कोणाचा हे वहीवरून मला कळे, पण ते कोणाला सांगायचे नाही, असा माझाच नियम होता.

बाकीच्या पुस्तकांचे कागद बहुधा कोरेच राहत. या कादंबरीकाराच्या एका पुस्तकाला मात्र मला तिसरा कागद जोडावा लागला. त्यात एक तरुण विधवा सासरचे घर सोडून निघून जाते. कोणी लिहिले होते, ‘हे पुस्तक घरात आणू नये.’ त्याखाली दुसऱ्याने, ‘आपण कुठे बसून वाचलेत?’ एकाने लिहिले होते, ‘भाषा गोड, आत विष.’ दुसऱ्याची तक्रार होती की नायिका फार चहा पिते. कोणी शेवटची पाने फाडून नेली होती, आणि ‘ज्याने नेली त्याने आणून द्यावीत, नायिका कुठे गेली ते तरी कळू दे’ अशी एकाची कळकळीची विनंती होती. हे कागद वाचण्यासाठीच काही जण पुस्तक नेत.

सत्त्याऐंशी क्रमांकाचा अभिप्राय मात्र वेगळा होता. बारीक, सरळ अक्षर. ‘नायिका घर सोडून गेली हे मला पटले नाही. परंतु ती गेल्यावर तिच्या जाऊबाईंनी कणीक थोडी कमी भिजवली, एवढाच काय तो फरक घरात पडला, हे लेखकाला कसे कळले? पुरुषांना हे दिसत नाही, असे मी समजत होते.’

हा क्रमांक एका शाळामास्तरांचा होता. ते दर शनिवारी पुस्तक बदलायला येत आणि सोबत चिठ्ठी आणत. चिठ्ठीवर पुढच्या पुस्तकाचे नाव याच अक्षरात असे. त्यांची विधवा बहीण त्यांच्याकडे राहत असे, हे साऱ्या पंचवटीला ठाऊक होते. मी त्या ताईंना कधी पाहिले नव्हते, पण त्या काय वाचतात आणि किती दिवसांत वाचतात, हे मी चार वर्षे पाहत होतो. त्यांच्याइतके लक्षपूर्वक वाचणारे आमच्याकडे दुसरे कोणी नव्हते.

पुढे ही पुस्तके काढून टाकण्यासाठी सभा भरली. ठराव एका वकिलांनी आणला होता. मी पुस्तकांच्या बाजूने बोललो. मी पंचविशीत होतो आणि मला बोलायची हौस होती.

“अहो ग्रंथपाल,” वकील म्हणाले, “असली पुस्तकं कॉलेजातली रिकामटेकडी पोरं वाचतात. सभ्य घरातला एक वाचक दाखवा.”

मी पुस्तक उघडून तो अभिप्राय मोठ्याने वाचला.

“हे कुणा टोणग्यानं बाईचं सोंग घेऊन लिहिलंय,” वकील म्हणाले. “तुम्हीच लिहिलं नाहीत ना?”

लोक हसले. मला ते झोंबले. “सोंग नाही,” मी म्हणालो. “सत्त्याऐंशी क्रमांक आहे. शाळामास्तरांच्या घरचा.”

मास्तर मागच्या सतरंजीवर बसले होते. सगळ्यांनी वळून पाहिले. ते उठले, उपरणे सावरले आणि म्हणाले, “ते मी लिहिलंय.”

“तुम्ही?” वकील म्हणाले. “मास्तर, कणीकही तुम्हीच भिजवता का?”

माडी हसण्याने दणाणली. मीही हसलो. वाद मी जिंकत होतो, हे मला दिसत होते.

आमचे वयोवृद्ध वैद्यबुवा तेवढे हसले नव्हते. हशा ओसरल्यावर ते म्हणाले, “ज्या पुस्तकाला असा वाचक मिळाला, ते काढू नका.” त्यांच्या शब्दाला मान होता. ठराव दोन मतांनी पडला. पुस्तके वाचली ती त्या चार ओळींमुळे आणि वैद्यबुवांमुळे. मी फक्त क्रमांक फोडला.

दुसऱ्या दिवशी मास्तर घरातली पुस्तके परत करून गेले आणि नाव कमी करायला सांगून गेले. त्यांच्या वर्गात फळ्यावर रोज कोणीतरी परात आणि कणकेचा गोळा काढून ठेवू लागले. दोनएक महिन्यांत त्यांनी पेठ गावच्या शाळेत बदली मागून घेतली. तिथे तेव्हा वाचनालय नव्हते.

ते जाण्याआधी मी एकदा त्यांच्या दारात गेलो. मास्तरांनी आत बोलावले नाही.

“पुस्तकं राहिली, एवढं ताईंना सांगा,” मी म्हणालो.

“सांगितलं. बरं झालं म्हणाली, दुसऱ्या कुणाला तरी मिळतील.” मग म्हणाले, “तिचं एवढंच म्हणणं आहे, तो कागद तेवढा फाडून टाका.”

“टाकतो,” मी म्हणालो.

मी तो फाडला नाही. माझ्या विजयाचा तो एकच पुरावा होता. कोणी पाहुणा आला की मी पुस्तक काढून तो दाखवत असे आणि सभेची गोष्ट सांगत असे, वकिलांच्या त्या प्रश्नासकट.

दोन वर्षांनी ते कादंबरीकार एका व्याख्यानासाठी नाशिकला आले, तेव्हा माडीवरही आले. मी मोठ्या अभिमानाने त्यांच्यासमोर तो कागद ठेवला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मी सभेची गोष्ट सुरू केली, तर हाताने मला थांबवले.

“माझ्या पुस्तकांवर शिव्याही खूप येतात आणि हारही खूप येतात,” ते म्हणाले. “वाचून कुणी असं लिहीत नाही. पटलं नाही म्हणतात त्या, आणि तरी काय पाहिलंय बघा. या बाई कुठं असतात? मला त्यांना भेटायचंय. निदान पत्र लिहीन, पुस्तकं पाठवीन.”

पेठ तीस-पस्तीस मैलांवर. ते गेले असते, निदान पुस्तके तरी नक्की पाठवली असती. पण मास्तरांकडून त्यांना सारे कळले असते, आणि मी दिलेला शब्द मोडून तो कागद जपून ठेवला आहे, हे मास्तरांना कळले असते.

“त्या इथून गेल्या,” मी म्हणालो. “पत्ता माहीत नाही.”

“शोधून कळवाल?”

“जरूर कळवीन.”

त्यांनी मला आपला पत्ता स्वतःच्या हाताने लिहून दिला. मी त्यांना कधीच काही कळवले नाही. ताई त्यानंतर अकरा वर्षे पेठला होत्या आणि तिथेच गेल्या.