गेटवरचं गुड मॉर्निंग

सकाळी शिफ्टमधल्या जुन्या जोडीदाराचं फुलांचं 'गुड मॉर्निंग' मोबाईलवर आलं, आणि नाकात कुरकुंभच्या कंपनीतला केमिकलचा वास भरला.

तिथल्या माझ्या पहिल्या शिफ्टला यानंच विचारलं होतं, "गुड मॉर्निंग. गाव कंचं?"

"केंदूर," म्हणालो. त्याच्या तोंडी राम राम नाही, जय भीम नाही. हा नक्की कोण? मला चाचपतोय का? घरचा 'जय भीम' गिळून मीही गुड मॉर्निंगच म्हटलं.

वर्षभर तसंच चाललं. मग जयंतीला दौंडच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून तो समोर! "जय भीम! आरं, तू बी व्हय?" म्हणत त्यानं मिठी मारली. दोघं पोटभर हसलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर दोघांनीही आधी आजूबाजूला पाहिलं, आणि गुड मॉर्निंगच म्हटलं.