निष्क्रिय शुद्धीकरण, बटणासकट

आमच्या परळच्या ऑफिसात मराठी बोलणारे पुष्कळ आहेत, पण मराठीत लिहायची वेळ आली की सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळतात. मी दादरला राहतो, एवढीच माझी पात्रता. तर खाणीच्या प्रकल्पाचा मराठी सारांश मी लिहिला आणि ‘पॅसिव्ह ट्रीटमेंट’चं भाषांतर ठोकून दिलं, ‘निष्क्रिय शुद्धीकरण यंत्रणा’. तेही ठळक अक्षरांत. बँकेत वर्षानुवर्षं पडून असलेल्या खात्याला हाच शब्द लावतात, हे मला छापून झाल्यावर आठवलं.

आमचं काम तसं साधं असतं. जुन्या कोळसा खाणीतून झिरपणारं पाणी आंबट असतं आणि त्यात लोखंड विरघळलेलं असतं. ते नाल्यात उतरलं की नाला गंजाच्या रंगाचा होतो. या खाणीच्या खालच्या गावात म्हशी त्या नाल्याला तोंड लावत नव्हत्या, आणि काठच्या विहिरीही नासायला लागल्या होत्या. आम्ही जमिनीत चर खणून त्यात चुनखडीचे दगड भरतो आणि वरून प्लास्टिक नि चिकणमाती घालून हवा बंद करतो. दगडांतून जाताना पाण्याचा आंबटपणा मरतो. पुढे तळ्यात त्याला हवा लागते, लोखंड तळाशी बसतं, आणि शेवटी पाणकणसांच्या दलदलीतून ते नाल्यात जातं. पंप नाही, वीज नाही, रोज रसायन ओतायला माणूस नाही.

खाण कंपनीचे मोठे साहेब मीटिंगला आले ते माझा सारांश हातात फडकवतच.

“निष्क्रिय? अहो, निष्क्रिय माणसं आमच्याकडे ढिगानं आहेत. त्यात यंत्रणेची भर कशाला?”

सगळे हसले. आमचे बॉस सर्वांत मोठ्यानं हसले. क्लायंट हसला की हसायचं, एवढी एकच विद्या त्यांनी मन लावून कमावली आहे.

“म्हणजे सर, ती आपली आपण चालते,” मी म्हणालो.

“चालताना दिसते का?”

“नाही. जमिनीखाली असते.”

“मग मंत्रीसाहेब उद्घाटनाला येऊन कुठलं बटण दाबणार?”

“बटण नाहीये, सर.”

साहेबांचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला. गावाचं पाणी, विहिरी, म्हशी यांपैकी कशानंही तो एवढा उतरला नव्हता. मग त्यांना प्रतिभेचा झटका आला. “असं करा, तो चर उघडा ठेवा. पांढरेशुभ्र दगड, वरून काच, आत लाइट. फोटो काय येईल!”

मी समजावून सांगितलं, की हवा लागली की दगडांवर गंजाचा लेप बसतो. मग दगड नुसता दगड उरतो आणि पाणी जसं आलं तसं आंबट पुढे जातं. साहेबांनी ते ऐकलं, म्हणजे मी बोलत असताना त्यांनी बिस्किट खाल्लं.

मीटिंगनंतर बॉसनी मला लिफ्टपाशी गाठलं. “अरे, देऊन टाक ना काच. तुझं काय जातंय?”

“सर, काच पहिल्याच उन्हाळ्यात तडकेल. हवा आत गेली की चर मेला.”

“तोपर्यंत उद्घाटन झालेलं असेल रे. सोमवारी नकाशा सही करून दे. नाहीतर दुसरा कुणी करेल.”

दुसऱ्या कुणी नक्की केली असती. आमच्याकडे सही करणाऱ्यांची कधी टंचाई नसते.

खाली लॉबीत येऊन बसलो. आमची इमारत गिरणीच्या जागेवर उभी आहे. गिरणी पाडली आणि चिमणी तेवढी ठेवली, संध्याकाळी तिच्यावर जांभळे दिवे सोडतात. लॉबीत काळ्या ग्रॅनाइटवरून पाणी वाहतं. मोटर तेच पाणी वर चढवते, तेच खाली येतं. काडीचं काम करत नाही, पण येणारा जाणारा त्याच्यासमोर उभा राहून सेल्फी काढतो. ते बघता बघता माझ्यातला लाचार जागा झाला.

सोमवारी मी नवा नकाशा नेला. चर होता तसाच, जमिनीखाली, बंद. तळ्यात मात्र एक कारंजं काढलं होतं. बाजूला चौथरा, चौथऱ्यावर बटण. तसं कारंज्यानं पाण्याला हवा लागते, म्हणजे अगदीच थाप नव्हती. आणि ते बंद पडलं तरी बिघडण्यासारखं काही नव्हतं. आपल्याकडे कारंजी बंद पडण्यासाठीच बांधतात.

“आता कशी सक्रिय झाली!” साहेब म्हणाले. काचेचा विषय पुन्हा निघाला नाही.

उद्घाटनाला मला बोलावलं नाही. फोटो फोनवर आले. मंत्र्यांचं बोट बटणावर, मागे कारंजं, साहेब, आणि हार घातलेले आमचे बॉस. खाली ओळ होती : ‘कल्पक अभियांत्रिकीचा नमुना’. रविवारी सकाळी बायको मेथी निवडत होती, तिच्यासमोर मी फोन धरला आणि त्या सगळ्यांचा यथेच्छ उद्धार केला. चर कुणी वाचवला, श्रेय कुणी लाटलं, माझं नावसुद्धा नाही, वगैरे. तिनं एक जुडी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हशी पाणी पितात का आता?”

“साइटवरचा इंजिनिअर म्हणतो, पितात.”

“मग? त्यांनी विचारलं का, डिझाइन कुणाचं म्हणून?”