पहिल्या दिवसाचे लाडू

कॅन्टीनमागच्या पिंपात ताट झाडायला गेले, तर आत माझ्या आईचे लाडू. उष्ट्या भातावर पडलेले, वरणात भिजलेले. एकाही लाडवाला कुणाचा दात लागला नव्हता.

सुप्याच्या त्या कंपनीत तो माझा पहिला दिवस. सकाळी फाटकाशी गुलाबाचं फूल दिलं. फळ्यावर माझं नाव होतं, आडनावासकट. आमचे सुपरवायझर सर म्हणाले, "आजपासून तुम्ही आपल्या घरातल्याच." टाळ्या वाजल्या. मला ते खरं वाटलं.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो. आईवडील दर साल ऊस तोडायला जातात. मी उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत वाढले. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालणारी घरातली पहिली मीच. आईनं आदल्या दिवशी दाणे भाजले, गूळ चिरला. म्हणाली, "नव्या ठिकानी रिकाम्या हातानं जाऊ न्हाई. समद्यांला दे. कुनाला वगळू नको."

लाडू वाटायला सुनीता पुढं झाली. सुनीता बागायतदाराची पोर. नगरला आयटीआय करताना दोन वर्षं वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. एका ताटात जेवायचो. माझ्या घरी येऊन आईच्या हातची भाकरी दोनदा मागून खाल्लेली. ती इथं आधी लागली, तिनंच मला अर्ज करायला लावला, खोलीत जागाही दिली.

"तू नवी आहेस, बस. मी वाटते," म्हणाली. तासाभरानं डबा परत आणला. रिकामा. धुतलेला.

"लई आवडले सगळ्यांना."

मी लगेच आईला फोन केला. आई लाजली. म्हणाली, "गूळ जरा जास्ती झाल्ता."

आणि जेवणाच्या सुट्टीत ते पिंप.

भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "त्या सुनीता म्याडमनीच टाकले, बाई. कुनी हातात घेईना. फळ्यावरचं आडनाव वाचल्यालं हुतं ना समद्यांनी."

सुनीताला गाठलं. ती म्हणाली, "मग काय करू? कुणी घेईना. तुला वाईट वाटू नये म्हणून टाकले."

"तू एक तरी खाल्लास?"

ती ओढणी सारखी करू लागली.

"खाल्लास का?"

"त्यांच्यासमोर कशी खाणार? अगं, खोलीतलं वेगळं, कंपनीतलं वेगळं. मला इथं राहायचंय."

बाकीच्यांना मी ओळखत नव्हते. त्यांचं मला नवल वाटलं नाही. पण हिनं मला ओळखत असून हे केलं. वर डबा धुऊन दिला.

मी परत पिंपाशी गेले. पिंपात हात घालून सगळे लाडू त्याच डब्यात भरले आणि डबा सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी आधी कागद बाजूला ओढले.

"पहिलाच दिवस आहे. कशाला वाढवता? लाडूच तर होते."

"तुमच्याकडंही आले होते, सर. तुम्ही घेतलात?"

"मला शुगर आहे," सर म्हणाले. समोर क्रीमच्या बिस्किटांचा अर्धा संपलेला पुडा होता.

संध्याकाळी खोलीवर सुनीतानं ताट वाढलं. दोघींत एकच. दाराला कडी घातली. "ये, जेव. झालं ते झालं."

मी म्हणाले, "कडी काढ. दार उघडं ठेव. जिन्यावरून जाणाऱ्या कंपनीतल्या पोरी बघतील, असं माझ्याबरोबर जेव."

तिनं दाराकडं बघितलं. उठली नाही.

मी बॅग भरली आणि त्याच चाळीत राहणाऱ्या भांडीवाल्या मावशींकडं गेले.

दुसऱ्या दिवशी तक्रार लिहिली. स्वतःच्या हातानं. सरांचं नाव लिहिलं. सुनीताचं लिहिण्याआधी पेन एकदा खाली ठेवलं. तरी लिहिलं. कंपनीच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "ठेवून जा, बघू." मी म्हणाले, "आधी पोच द्या." शिक्का पडेपर्यंत हलले नाही.

आता लाईनवर माझ्याशी फार कुणी बोलत नाही. सुनीता म्हणते, मी तिला फसवलं. म्हणू दे. नोकरी मी सोडणार नाही. तक्रार मागं घेणार नाही. आणि माझ्या आईच्या हातचं ज्याला चारचौघांत चालत नाही, त्याला यापुढं माझ्याकडून बंद दाराआडही घासभर मिळणार नाही.