साठच्या आत
काल माझ्या नव्या गाडीचं दार उघडलं आणि सीटवरच्या प्लास्टिकच्या वासाने बाबांची तेव्हाची नवीकोरी गाडी आठवली. पहिले हजार किलोमीटर साठच्या वर न्यायची नाही, इंजिन रुळू दे, असं ते रोज बजावायचे. ती गाडी घेतली त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि मी त्यांना घेऊन मानपाड्याहून ठाण्याच्या हॉस्पिटलकडे निघालो. घामाने भिजलेले, शर्ट मुठीत धरलेला, तरी डोळे स्पीडच्या काट्यावर. पासष्ट होताच ओरडले, "अरे, साठ!" आणि मी मूर्खासारखा पाय उचलला. शिळफाट्यानंतर मात्र राहवेना, थेट नव्वदला नेली. त्यांनी काटा पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. तेव्हा मी खरा घाबरलो. आज साठ ओलांडताना बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. ओरडा ना, बाबा.