कावर्ड साहेबांचं आडनाव

दाराला नवी पाटी लावली. ओल्या रंगाचा वास घेत ‘कोकरे’ हे आडनाव वाचलं आणि मी थेट वडगाव रासाईच्या आमच्या ओसरीवर पोहोचलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात होतो. तिथली पोरं मला पाहून ‘बें’ करायची, म्हणून आडनाव बदलायचा अर्ज मी भरून ठेवला होता. जन्मभर मेंढरं राखलेले माझे आजोबा, आबा, त्यावरून माझ्याशी धड बोलत नव्हते.

अशात कारखान्याच्या कामासाठी आलेले विलायतेचे इंजिनिअर कावर्ड साहेब आमच्याकडे जेवायला आले. चुलीवरच्या भाकरीचा खरपूस वास सुटला होता. आबांनी साहेबांच्या आडनावाचा अर्थ विचारला. घरात इंग्रजीचा जाणकार मीच. ठसक्यात म्हणालो, “भित्रा.”

“आसलं आडनाव कोण लावंल? त्यास्नीच इचार.”

विचारलं. साहेब हसले. भित्रेपणाशी त्याचा संबंधच नव्हता. ‘काऊहर्ड’ झिजून ‘कावर्ड’ झालं होतं. त्यांचे पूर्वज गुरं राखायचे.

हे ऐकून आबा साहेबांच्या जवळ सरकले. “म्हंजी आपल्यातलंच हायती. त्यास्नी सांग, माझा नातू बापजाद्यांचं आडनाव टाकाय निघालाय. इचार, पटतं का?”

माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, “सर, वन मोर भाकरी?”

साहेबांनी पोटावर हात ठेवून जोरजोरात मान हलवली. “नो, नो.”

“बघ,” आबा म्हणाले, “त्यास्नीबी पटना.”

अर्ज मी दुसऱ्या दिवशी फाडला. आबांना फसवल्याची खंत मात्र बरीच वर्षं होती. आता वाटतं, माझ्या त्या इंग्रजीतला ‘भाकरी’ हा शब्द आबांना ऐकू आला नसेल, असं कसं होईल?