मिरचीवर घेतलेला आळ

डॉक्टरांनी ह्यांच्या तोंडात बॅटरी मारली, गालाच्या आतून बोट फिरवलं आणि एकदम माझ्याकडे वळून विचारलं, "बेन, इनको तीखा कब से नहीं चलता?"

मी चपापले. आमच्या स्वयंपाकघरातली गोष्ट ह्या माणसाला कळली कशी? आम्ही आलो होतो तोंड नीट उघडत नाही म्हणून. तिखटाचा विषय मी काढलाच नव्हता, कारण तो मला कधी आजार वाटलाच नाही. मी म्हटलं, "साल से ऊपर हो गया होगा."

"वही पहला इशारा था," डॉक्टर म्हणाले.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारी-तंबाखूमुळे गालाच्या आतली मऊ त्वचा कडक होत जाते. आधी तिखट झोंबतं, मग हळूहळू तोंड उघडेनासं होतं. हे ऐकून मी जरा सैल होतेय तोच ते म्हणाले, डाव्या गालात मागच्या बाजूला एक पांढरा चट्टा आहे आणि तो मला बरा दिसत नाही. त्याची बायोप्सी करू, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. "कॅन्सर?" हा शब्द ह्यांनीच उच्चारला. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट आने दो."

आम्ही मूळचे खानदेशातले, आता सुरतच्या डिंडोलीत राहतो. माझे मालक लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कारागीर आहेत. आग लागेल म्हणून तिथे बिडी ओढू देत नाहीत, मग सगळे मावा खातात. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घोळलेला. लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे सगळा कारभार खुणांनी चालतो. तळहातावर अंगठा घासून दाखवला की शेजारचा माणूस पुडी पुढे करतो. हे त्या खात्यात लागले तेव्हा लूम चालवायच्या आधी ही खूण शिकले असतील.

आणि आमच्या घरचं जेवण! शेवभाजीवर लाल तर्री आली नाही तर तिला आमच्यात कुणी भाजी म्हणत नाही. एके दिवशी हे पहिल्याच घासाला थांबले. म्हणाले, "भलतं तिखं व्हयनं आज. तोंड जळस मन्हं." मी त्यांच्या ताटातला घास खाऊन पाहिला. रोजच्यासारखाच होता. पण सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "सुरतनी मिरचीमा रंगच ऱ्हास." झालं. भेसळीच्या रंगाने तोंड जळतं म्हणून मिरची गुन्हेगार ठरली.

आम्ही गावाहून मिरची मागवली, घरी कुटली. तरी तोंड जळायचंच. मग काळ्या मसाल्यावर संशय आला, मग पित्तावर. मी ह्यांची भाजी वेगळ्या वाटीत फिकी काढायला लागले. शेवटी शेजारच्या गुजराती बाईंकडून गोड डाळ शिकले आणि ती हे मिटक्या मारत खायला लागले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "गुजराती व्हई गया रे तू!" आम्ही सगळे खूप हसलो, हेही हसले. हसताना त्यांचं तोंड फारसं उघडत नव्हतं, हे मला फार नंतर आठवलं.

हे ध्यानात आणून दिलं आरोग्य केंद्राच्या मनीषाबेननी. तंबाखूच्या तपासणीसाठी त्या आमच्या गल्लीत घरोघर फिरत होत्या. तंबाखू खाता की नाही हे त्या विचारतच नव्हत्या, कारण सगळे नाही म्हणतात. त्या एवढंच म्हणायच्या, तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालून दाखवा. माझी गेली. सासूबाईंचीही गेली. ह्यांची दोन बोटंसुद्धा अडकली.

"मन्हं तोंडच न्हानं शे," हे म्हणाले.

"भगवानभाऊ, लग्नात वहिनींच्या हातचा लाडू कसा खाल्ला मग?" मनीषाबेननी विचारलं. हे चिडून घरात निघून गेले. पण बाई चिवट. चिठ्ठी लिहून दिली आणि आम्ही हॉस्पिटलला जाईपर्यंत दार वाजवत राहिली. तेव्हा मला तिचा राग यायचा. आज ती दिसली की मी तिला चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाही.

बायोप्सी झाली आणि वाट बघणं सुरू झालं. रात्री हे भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि जागे आहेत हे मला श्वासावरून कळायचं. मीही झोपल्याचं सोंग करायचे.

रिपोर्टच्या दिवशी बाकावर आमच्या समोर एक माणूस बसला होता. नाकातून नळी, तोंडावर रुमाल. त्याची बायको नळीतून दूध घालत होती, इतक्या सराईतपणे की मला बघवेना. हे जमिनीकडे बघत होते. मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळहातावर घासत होता. हातात काहीच नव्हतं. त्यांना स्वतःला कळतही नव्हतं. मी चारचौघांत कधी त्यांचा हात धरला नव्हता, त्या दिवशी गच्च धरला.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, मॉडरेट डिस्प्लेशिया. डॉक्टरांनी समजावलं, पेशी बिघडायला लागल्यात, पण कॅन्सर झालेला नाही. चट्टा काढून टाकावा लागेल आणि जन्मभर तपासणीला यावं लागेल. कडक झालेला गाल पहिल्यासारखा होणार नाही, व्यायामाने थोडा सुटेल. "और अब एक पुडी भी नहीं," ते म्हणाले. मी तिथेच रडले. ते रडणं आनंदाचं होतं की भीतीचं, मला अजून सांगता येणार नाही.

चट्टा काढला, पण पुढचे दिवस वाईट होते. तंबाखू सुटली की माणूस असा होतो हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. ताट भिरकावलं, सासूबाईंवर ओरडले, मग स्वतःच कोपऱ्यात बसून राहिले. हॉस्पिटलच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या ताई म्हणाल्या, तल्लफ लाटेसारखी येते आणि ओसरते, तेवढा वेळ पाणी प्या, फेरी मारा, कुणाशी तरी बोला. सासूबाईंनी मायेपोटी गोड सुपारी आणून दिली, त्यात तंबाखू कुठे आहे म्हणून. ताईंनी ती बंद केली. गाल कडक करते ती मुख्यतः सुपारीच, हे आम्हांला तिथे कळलं.

तोंड उघडण्याचा व्यायाम आइस्क्रीमच्या काड्यांचा. दाढांच्या मध्ये काड्यांची चळत घालायची, सवय झाली की आणखी एक काडी सरकवायची. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी काडी काढायचे नाहीत. कामावर परत गेल्यावर शेजारच्याने सवयीने तळहातावर अंगठा घासला. ह्यांनी उत्तरादाखल तीन बोटं स्वतःच्या तोंडाशी नेऊन दाखवली. तिथे तोंडाने समजावणं शक्यच नव्हतं. त्या माणसाने घरी जाऊन बोटं घालून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांच्याकडून हॉस्पिटलचा पत्ता घेतला.

हे वाचणाऱ्या बायांनो, तुमच्या घरात मावा-गुटखा खाणारा कुणी अचानक तिखट कमी टाक म्हणायला लागला, तर मसाला बदलू नका. आधी त्याचं तोंड बघा. मी वर्षभर मिरची बदलत बसले.

परवा हे कामावरून आले आणि म्हणाले, "आज तिखं बनाव." मी शेवभाजी केली, तर्रीवाली, जुन्या हाताची. पहिला घास घेतला आणि हे थांबले. डोळ्यांत पाणी आलं, हात गालाकडे गेला.

"जळस," हे म्हणाले.

मी त्यांच्या ताटातला घास उचलून तोंडात टाकला. असा ठसका लागला की काही विचारू नका. सासूबाईंनी बोट बुडवून चाटलं आणि त्यांचं नाक वाहायला लागलं. "बाई, मिरचीना डबाच उपडा करी टाका का तू?"

म्हणजे भाजीच तिखट होती. आम्ही तिघं नाक पुसत हसलो, आणि हसताना ह्यांच्या दाढा दिसल्या.

तरी हसून झाल्यावर मी उठून बॅटरी आणली. मी काही म्हणायच्या आतच त्यांनी तोंड उघडलं.